व्यसनमुक्तीत बक्षिसाची पद्धत: चिठ्ठ्या, पट्ट्या, हिशोब आणि हमखास होणाऱ्या चुका

सह्यवारा

दुसऱ्या धाग्यावर कंटिन्जन्सी मॅनेजमेंटचा, म्हणजे नशेपासून लांब राहिल्याबद्दल बक्षीस देण्याच्या पद्धतीचा, विषय निघाला आणि "व्यसन सोडायचे पैसे देता म्हणजे लाचच की" इथे येऊन अडकला. पद्धत प्रत्यक्षात कशी चालते हे समोर नसलं की चर्चा त्याच खांबाभोवती फिरते. म्हणून हा वेगळा धागा. पुढे 'सीएम' एवढंच लिहितो.

गाभा असा. एक गोष्ट ठरवायची, जी चाचणीत दिसते. ती जमली की त्याच भेटीत, त्याच टेबलावर बक्षीस. नाही जमली तर बक्षीस नाही. त्यापलीकडे बोलणी नाहीत, शिक्षा नाही. लागोपाठ जमत गेलं की बक्षीस वाढत जातं, चुकलं की पहिल्या पायरीवर.

या पायऱ्यांचा मूळ आराखडा स्टीफन हिगिन्स यांच्या गटाचा, व्हरमाँट विद्यापीठ, १९९०च्या दशकाची सुरुवात, कोकेनसाठी. १२ आठवडे, सोमवार-बुधवार-शुक्रवार लघवीची चाचणी. पहिल्या क्लीन (नशेचा अंश न दिसणाऱ्या) नमुन्याला अडीच डॉलर. पुढच्या प्रत्येक लागोपाठच्या नमुन्याला सव्वा डॉलरची वाढ. सलग तीन क्लीन आले की १० डॉलर वर. नमुना पॉझिटिव्ह आला, म्हणजे त्यात अंश दिसला, किंवा दिलाच नाही, तर पुन्हा अडीच डॉलर. मात्र त्यानंतर सलग पाच क्लीन दिले की जिथून घसरला त्या पायरीवर परत. सगळे ३६ नमुने क्लीन असतील तर एकूण ९९७ डॉलर ५० सेंट. रोख हातात नाही. व्हाउचर जमा होतात आणि त्यातून समुपदेशकाच्या संमतीने वस्तू घेतल्या जातात. सायकलचं सामान, मासेमारीचा परवाना वगैरे, म्हणजे नशेच्या वेळेत दुसरं काही शिरेल अशा गोष्टी.

आता पहिल्या पायरीवर परत जाण्याचं मोल बघा. ३५ नमुने क्लीन दिलेल्या माणसाच्या ३६व्या नमुन्याची किंमत ४६ डॉलर २५ सेंट आहे. आदल्या रात्री घेतलं तर ते जातात आणि मोजणी अडीचपासून सुरू होते. पहिल्या आठवड्यात घसरणाऱ्याचं जवळपास काहीच जात नाही. सुरुवातीला घसरण जास्त होते, तेव्हा ती स्वस्त. नशेशिवाय राहणं जमत आलं की घसरण महाग. ठरावीक रकमेच्या बक्षिसात हे होत नाही.

ओवी

समजलं, पण माझा आक्षेप लाचेचा नाहीच. बाहेरून दिलेलं बक्षीस थांबलं की माणूस तिथेच परत येणार. मग १२ आठवड्यांत मिळवलं काय?

सह्यवारा

ओवी, आक्षेप रास्त आहे आणि त्यावर बरंच मोजमाप झालंय. उपचार संपल्यानंतर वर्षभरापर्यंतच्या तपासण्या असलेल्या २३ चाचण्यांचा एकत्रित हिशोब २०२१ साली प्रसिद्ध झाला. सीएम मिळालेल्यांची क्लीन राहण्याची शक्यता, ऑड्सच्या भाषेत (क्लीन असलेले भागिले नसलेले), २२ टक्क्यांनी जास्त निघाली. उपचार चालू असतानाच्या फरकापेक्षा हा बराच कमी, पण शून्य नाही. आणि तुलना ज्यांच्याशी होती त्यांनाही दुसरे उपचार मिळतच होते.

दुसरं, २०१८ सालच्या एका मोठ्या विश्लेषणात कोकेन आणि ॲम्फेटामिन या उत्तेजकांसाठीचे १२ प्रकारचे मानसोपचार, ५० चाचण्या, जवळपास ७ हजार रुग्ण, असं सगळं एकत्र तपासलं. सगळ्यांत वर आला तो सीएम अधिक कम्युनिटी रीइन्फोर्समेंट हा जोडीचा उपचार. कम्युनिटी रीइन्फोर्समेंट म्हणजे काम, नातेसंबंध, छंद, मित्र यांतून नशेपेक्षा जास्त काही मिळेल अशी घडी बसवणं. म्हणजे बक्षीस हा टेकू आहे. टेकू काढायच्या आत भिंत वाळली पाहिजे. १२ आठवडे नुसत्या चिठ्ठ्या काढून घेतल्या आणि बाकी काहीच केलं नाही, तर तुम्ही म्हणता तसंच होणार.

मेतकूट

व्हाउचरची अडचण खर्चाची. माणशी हजार डॉलर सरकारी केंद्रांना झेपेनात. त्यावर कनेक्टिकट विद्यापीठातल्या नॅन्सी पेट्री यांनी चिठ्ठ्यांचं भांडं आणलं. ५०० चिठ्ठ्या: २५० वर नुसतं "छान काम", २०९ वर १ डॉलरची वस्तू, ४० वर २० डॉलरची, एकीवर १०० डॉलरची. बेरीज करून भागा, एका ओढीची सरासरी किंमत सुमारे २ डॉलर २२ सेंट पडते. पहिल्या क्लीन नमुन्याला एक चिठ्ठी, दुसऱ्या लागोपाठच्याला दोन, असं वाढत जातं. चुकलं की पुन्हा एक. २००० साली ४२ माजी सैनिकांवर, दारूसाठी, ही पद्धत वापरली. आठ आठवडे उपचारात टिकलेले ८४ टक्के. नेहमीचा उपचार मिळालेल्यांत २२ टक्के.

आपल्याकडच्या छोट्या केंद्रासाठी आकडे मांडून बघतो. हे माझं गणित आहे, कुठल्या केंद्राचं वेळापत्रक नाही.

भांड्यात १०० चिठ्ठ्या. ५० वर "शाब्बास". ४२ वर २० रुपयांची वस्तू. ७ वर २०० रुपयांची. एकीवर १,००० रुपयांची. एकूण ३,२४० रुपये, म्हणजे एका ओढीला सरासरी ३२ रुपये ४० पैसे. आठवड्याला दोन नमुने, १२ आठवडे, म्हणजे २४ भेटी. चिठ्ठ्या एकेकाने वाढत आठवर थांबवायच्या. सगळे नमुने क्लीन देणाऱ्याला पहिल्या आठ भेटींत ३६ चिठ्ठ्या आणि पुढच्या १६ भेटींत १२८, मिळून १६४. खर्च सरासरी ५,३१४ रुपये. ही कमाल झाली. जो घसरेल त्याचा कमी. पट्ट्या, कप आणि माणसाचा वेळ यांचा खर्च यात धरलेला नाही.

दोन गोष्टी पाळायच्याच. ओढलेली चिठ्ठी लगेच परत भांड्यात टाकायची, नाहीतर शक्यता बदलत जातात आणि मोठी चिठ्ठी निघून गेली की पुढच्यांसाठी भांडं मेलं. आणि मोठं बक्षीस कपाटात खरोखर ठेवलेलं असायला हवं, काचेतून दिसेल असं. वरच्या गणितात १६४ ओढींत १,००० ची चिठ्ठी एकदा तरी निघायची शक्यता ८१ टक्के आहे. पाचच रुग्ण असले तरी चार-पाच मोठी बक्षिसं हाताशी ठेवा. "आणून देतो, पुढच्या आठवड्यात या" म्हटलं की पद्धत तिथेच संपली.

ओवी

चिठ्ठ्या ओढणं म्हणजे जुगारच झाला की. दारू सोडवता सोडवता मटक्याची चटक लागली तर?

मेतकूट

पेट्री स्वतः जुगाराच्या व्यसनाच्याही संशोधक होत्या, त्यामुळे हे त्यांनी वेगळं तपासलं. चिठ्ठ्यांच्या पद्धतीतल्या रुग्णांचा जुगार वाढलेला दिसला नाही. इथे माणूस स्वतःचं काही पणाला लावत नाही हाही फरक आहे. तरीही जुगाराच्या व्यसनातून बाहेर येणाऱ्यांना त्या अभ्यासांतून बाहेर ठेवत. आपल्याकडे पहिल्याच भेटीत मटका, ऑनलाइन रमी, लॉटरी यांची चौकशी करावी आणि तसं काही असेल तर भांडं टाळून सरळ ठरावीक रकमेची व्हाउचर द्यावीत.

काजवा

चाचणीबद्दल लिहितो. सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे आणि सगळ्यात जास्त गडबड तिथेच होते.

पट्टी उलटी वाचणं. लघवीत बुडवायच्या पट्टीवर सी (कंट्रोल) आणि टी (टेस्ट) अशा दोन जागा असतात. सीची रेघ आलीच पाहिजे, नाही आली तर पट्टी बाद. टीची रेघ आली म्हणजे निगेटिव्ह, नाही आली म्हणजे पॉझिटिव्ह. गरोदरपणाच्या चाचणीची सवय असलेल्या हाताला हे नेमकं उलटं वाटतं. आणि टीची रेघ फिकी असली तरी ती निगेटिव्हच. "फिकी आहे म्हणजे थोडं घेतलं असणार" हा अर्थ कधीही काढू नका. रंगाची गडदता प्रमाण सांगत नाही. पाकिटावर दिलेल्या वेळेला, बहुतेक कार्डांना ५ मिनिटांनी, वाचायचं. अर्ध्या तासाने वाचलेली पट्टी धरायची नाही.

नमुना खरा आहे का. कपाला तापमानाची पट्टी असावी. दिल्यापासून ४ मिनिटांच्या आत ३२ ते ३८ अंश सेल्सिअस दिसायला हवं. क्रिएटिनिन (लघवीतून नेहमी बाहेर पडणारं एक द्रव्य) दर डेसिलिटरला २० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर नमुना पातळ. भरपूर पाणी पिऊन आलेला असू शकतो, उन्हाळ्यात खरोखरही असू शकतो. अशा वेळी आरोप नको. तासाभराने दुसरा नमुना मागायचा.

किती दिवस दिसतं. कोकेनचा अंश २ ते ४ दिवस, मेथॲम्फेटामिनचाही तेवढाच, गर्दचा (हेरॉइनचा) मॉर्फिन म्हणून २-३ दिवस. गांजा रोज ओढणाऱ्यात महिनाभरही दिसू शकतो. त्यामुळे गांजासाठी पहिले किमान दोन आठवडे चाचणीवर बक्षीस लावायचं नाही. बिचारा सोडून बसलाय आणि पट्टी पॉझिटिव्ह, यापेक्षा निराश करणारं काही नाही. त्या काळात बक्षीस हजेरीला.

हिगिन्स यांच्या सोमवार-बुधवार-शुक्रवारमध्येही ही अडचण होतीच. रविवारी रात्री घेतलेलं सोमवारी दिसतं आणि बुधवारीही दिसू शकतं. एका चुकीचा दंड दोनदा. आठवड्यातून दोनदाच चाचणी असेल तर सोमवार-गुरुवार किंवा मंगळवार-शुक्रवार, मध्ये ७२ तास.

खोटे पॉझिटिव्ह. ओपिएटच्या (अफूपासूनच्या पदार्थांच्या) पट्टीचा कट-ऑफ, म्हणजे पॉझिटिव्ह धरायची किमान पातळी, ३०० नॅनोग्रॅम असेल तर खसखस पुरते. दिवाळीत अनारसे खसखशीवर थापलेले, त्यात खसखशीची खीर. अमेरिकेत नोकरीच्या तपासण्यांसाठी १९९८ मध्ये हा कट-ऑफ २,००० केला, त्यामागे खसखसही होती. केंद्रात ३००ची पट्टी असेल तर पहिल्याच दिवशी लेखी सांगा: खसखस आणि कोडीनचं खोकल्याचं औषध बंद. ॲम्फेटामिनच्या पट्टीला स्यूडोएफेड्रिन असलेली सर्दीची गोळी आणि नैराश्यावरचं ब्युप्रोपिऑन हे औषध फसवतात. कोकेनची पट्टी सहसा फसत नाही.

न दिसणारे. ट्रामाडॉल (एक वेदनाशामक) साध्या ओपिएटच्या पट्टीत दिसत नाही. गर्द सोडवण्यासाठी दिलं जाणारं ब्युप्रेनॉर्फिनही नाही, त्याला वेगळी पट्टी लागते. गर्द सोडून ट्रामाडॉलच्या गोळ्यांवर गेलेला माणूस महिनाभर "क्लीन" दिसेल आणि बक्षीसही नेईल.

सह्यवारा

काजवा, फार कामाचं लिहिलंत. एक जोडतो. पट्टीवर वाद झाला तर काय, हे आधीच लिहून ठेवा. मला योग्य वाटणारा नियम असा: बक्षिसापुरता त्या दिवशीच्या पट्टीचा निकाल अंतिम, पण औषध कमी-जास्त करणं किंवा केंद्रातून काढणं असले निर्णय नुसत्या पट्टीवर घ्यायचे नाहीत. त्यासाठी प्रयोगशाळेचा खात्रीचा अहवाल. तो दोन-तीन दिवसांनी रुग्णाच्या बाजूने आला, तर हुकलेल्या चिठ्ठ्या आणि मोजणी दोन्ही परत द्यायच्या.

बकुळ

सरकारी पातळीवरचं चालू उदाहरण कॅलिफोर्नियाचं, त्याचे आकडे देते. अमेरिकेत मेडिकेडमधून (गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यातून) सीएमचा खर्च उचलायची परवानगी मिळालेलं हे पहिलं राज्य. मंजुरी डिसेंबर २०२१, प्रत्यक्ष सुरुवात २०२३. कोकेन, मेथॲम्फेटामिन अशा उत्तेजकांसाठी. यांच्यासाठी अमेरिकेत मंजूर झालेलं एकही औषध नाही, म्हणून सीएमचा आग्रह इथे सगळ्यात जास्त.

२४ आठवडे. पहिले १२ आठवडे दोन भेटी, नंतर एक. पहिल्या आठवड्यात दर क्लीन नमुन्याला १० डॉलर, पुढे दर आठवड्याला दीड डॉलरची वाढ, बाराव्या आठवड्यात २६ डॉलर ५० सेंट. १३ ते १८ आठवडे दर वेळी १५, १९ ते २३ दर वेळी १०, शेवटच्या चाचणीला २१. बेरीज ५९९ डॉलर. योजना आखली तेव्हा ६०० डॉलरला कर खात्याकडे कळवण्याची मर्यादा लागत होती, म्हणून एक डॉलर अलीकडे थांबलेत. घसरण झाली की पुन्हा १० डॉलर, पण सलग दोन क्लीन दिले की जुनी पायरी परत. हिगिन्स यांच्या पाचपेक्षा हे सौम्य.

दोन बारकावे मला फार आवडले. पहिला: उत्तेजकांबरोबर ओपिऑइडचीही (अफूसारखं काम करणाऱ्या पदार्थांची) चाचणी होते, पण तिचा बक्षिसाशी संबंध नाही. ती रुग्णाला फेंटानिल या फार जहाल ओपिऑइडच्या धोक्याची सूचना देण्यासाठी. दुसरा: रक्कम समुपदेशक ठरवत नाही, सॉफ्टवेअर ठरवतं. "आज ह्याचा चेहरा पडलाय, देऊ एक जास्त" याला जागाच नाही. गिफ्ट कार्डावर दारू, तंबाखू, लॉटरी घेता येत नाही.

तळ्याकाठी

दारूचं वेगळं लिहायला हवं. आपल्याकडे केंद्रात येणाऱ्यांत दारूवाले जास्त आणि चाचणीची पंचाईतही तिथेच जास्त.

एक क्वार्टर, १८० मिलि, ४२.८ टक्के. म्हणजे सुमारे ६१ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. शरीर तासाला साधारण ७ ते ८ ग्रॅम निकालात काढतं, सवयीच्या माणसाचं थोडं जास्तही. म्हणजे रात्री ९ वाजता संपवलेली क्वार्टर पहाटे पाच-सहापर्यंत श्वासातून गेलेली असते. सकाळी १० ला ब्रेथ ॲनालायझर शून्य दाखवेल आणि आपण शाब्बास म्हणून चिठ्ठी देऊ.

हे कागदावरचं भय नाही. चेन्नईत सायकलरिक्षा ओढणाऱ्या २२९ जणांवर अर्थशास्त्रज्ञ फ्रँक शिलबाख यांनी तीन आठवड्यांचा प्रयोग केला, तो २०१९ मध्ये छापून आला. रोज केंद्रावर यायचं, फुंकायचं, दारू प्यायलेली नसेल तर जास्त पैसे. दिवसा शुद्धीत असण्याचं प्रमाण १३ टक्के बिंदूंनी वाढलं. पण एकूण पिणं फारसं कमी झालं नाही. पिण्याची वेळ पुढे, रात्रीवर ढकलली गेली. आपण ज्याला पैसे देतो तेच मिळतं: दिवसाच्या शुद्धीला दिले, दिवसाची शुद्ध मिळाली. तीही काही कमी नाही. त्या लोकांची बचत वाढली, आणि निम्म्याहून जास्त जणांनी तर बिनशर्त पैशांऐवजी शुद्धीची अट असलेले पैसे स्वतःहून निवडले. हे लाच म्हणणाऱ्यांनी जरूर लक्षात घ्यावं. ज्याला अट नको असते तो अट मागून घेत नाही.

पूर्ण सोडायची असेल तर लघवीतल्या इथाइल ग्लुक्युरोनाइडची, ईटीजीची, चाचणी. ती दोन-तीन दिवस मागचं दाखवते, त्यामुळे आठवड्याला दोनदा पुरते. पण तिचा काटा फार हळवा आहे. अल्कोहोल असलेला माउथवॉश, सॅनिटायझरचा अतिवापर, आणि आपल्याकडची खास गोष्ट म्हणजे आसवं-अरिष्टं. द्राक्षासव, अशोकारिष्ट यांत आंबवण्यातून आलेलं अल्कोहोल असतंच. घरी ताकद येण्यासाठी म्हणून आई दोन चमचे देते आणि इकडे चाचणी पॉझिटिव्ह. डायसल्फिरामवर (दारू घेतली की त्रास व्हावा म्हणून दिल्या जाणाऱ्या औषधावर) असलेल्याला तर ही आसवं मुळातच चालत नाहीत, त्रास होतो.

आणि सगळ्यात आधी सांगायला हवं होतं ते आता सांगतो. रोज भरपूर पिणाऱ्याला "सोमवारपासून बंद कर, चिठ्ठी देतो" असं कधीही सांगू नये. एकदम बंद केल्यावर ६ ते ४८ तासांत झटके येऊ शकतात, दोन ते चार दिवसांत भ्रम आणि कंप. यात माणूस दगावतो. आधी डॉक्टरांच्या देखरेखीखाली टर्की (नशा बंद केल्यावर होणारा त्रास) निघाली पाहिजे, थायामिन (ब१ जीवनसत्त्व) मिळालं पाहिजे. सीएम त्यानंतर.

सह्यवारा

शंभर टक्के सहमत. गर्दच्या बाबतीतही असाच इशारा. ओपिऑइडसाठी मुख्य उपचार औषध, म्हणजे ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन. सीएम त्याच्या जोडीला. औषधाशिवाय महिनाभर क्लीन राहिलेल्याची सहनशक्ती उतरलेली असते. जुन्याच मापाने एकदा घेतलं तर श्वास थांबतो. आणि नमुना पॉझिटिव्ह आला म्हणून त्या दिवसाचं औषध रोखणं हे सीएम नाही, तो धोकादायक प्रकार आहे. चाचणीवरून वाद नको असेल तर बक्षीस औषधाच्या हजेरीलाच लावा.

हजेरीवरून आठवलं, भारतातलाच आणखी एक अभ्यास. चेन्नईत एचआयव्ही असलेल्या १२० नशा करणाऱ्यांना उपचार केंद्रात जाण्यासाठी, औषध सुरू करण्यासाठी व्हाउचर दिली. तुलनेच्या गटाला अट नसलेली बक्षिसं होती. एचआयव्हीची औषधं सुरू करणारे ४५ टक्के विरुद्ध २७ टक्के. मात्र विषाणू आटोक्यात येण्यात फरक पडला नाही. परत तेच: केंद्रात येण्याला बक्षीस होतं, येणं वाढलं.

खारूताई

मिश्री आणि गुटख्यासाठी हे करता येईल का? महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण खाणारे आहेतच.

काजवा

येतं, पण सिगारेटची यंत्रं इथे चालत नाहीत. धूम्रपानासाठी श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजतात. तो अर्धा व्हायला ४ ते ६ तास लागतात, त्यामुळे रोज, शक्य तर दोनदा फुंकावं लागतं. मिश्री, गुटखा, तंबाखू-चुना यांत धूरच नाही, यंत्र शून्यच दाखवणार.

त्यांच्यासाठी लघवीतलं कोटिनिन, म्हणजे शरीरात निकोटिनपासून तयार होणारं द्रव्य. त्याचं अर्धआयुष्य १६ तासांच्या आसपास आणि रोजच्या खाणाऱ्यात पातळी मुळात फार वर, त्यामुळे सोडल्यावरही आठवडाभर पट्टी पॉझिटिव्ह राहू शकते. पहिले ७ ते १० दिवस बक्षीस हजेरीला, नंतर कोटिनिनला. निकोटिनचं च्युइंगम किंवा पॅच चालू असेल तर कोटिनिन पॉझिटिव्हच येणार. त्यांच्यासाठी ॲनाबेसिन नावाचं वेगळं मोजमाप आहे, पण त्याची पट्टी मिळत नाही, प्रयोगशाळा लागते. म्हणून च्युइंगमवाल्यांसाठी च्युइंगम सुटेपर्यंत हजेरीचंच बक्षीस ठेवणं बरं.

मिश्री लावणाऱ्या गरोदर बायकांसाठी हे कुणीतरी करायला हवं असं फार वाटतं. ग्लासगोत सिगारेट ओढणाऱ्या ६१२ गरोदर बायकांवरचा अभ्यास २०१५ मध्ये आला. टप्प्याटप्प्याने मिळून ४०० पौंडांपर्यंत व्हाउचर. गरोदरपणाच्या शेवटी सोडलेल्या २२.५ टक्के, नेहमीच्या मदतीवर ८.६.

ओवी

माझा विरोध बराच मावळला. आता घरच्या बाजूने दोन मुद्दे. बक्षीस म्हणून काय द्यायचं? किराण्याचं कुपन दिलं तर त्याच दुकानात तंबाखूची पुडी टांगलेली असते, आणि दुकानदार दहा-वीस रुपये कापून रोख देतो. दुसरं, चाचणीचा निकाल घरच्यांना, मालकाला कळणार का? कळणार असेल तर माणूस येणारच नाही.

बकुळ

दुसऱ्याचं उत्तर सोपं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये दारू आणि अमली पदार्थांच्या दुरुपयोगाशी निगडित मानसिक स्थिती मोडतात, आणि कलम २३ गोपनीयतेचा हक्क देतं. निकाल रुग्णाचा. बायकोला सांगायचं असेल तर त्याच्या लेखी संमतीने, आणि तेही "आज चिठ्ठी मिळाली" एवढंच. "आज पॉझिटिव्ह आला" हे घरी पोचलं की पुढची भेट रिकामी जाते.

मेतकूट

वस्तूंचं कपाट कुपनापेक्षा बरं. छोट्यात मोजे, रुमाल, साबण, चहापत्ती, कंपास, वह्या. २०० च्या आसपास स्टीलचा डबा, छत्री, टॉवेल, मोबाइलचा रिचार्ज; रिचार्ज टेबलावरच होतो, त्यामुळे उशीर नाही. मोठ्यात कुकर किंवा मिक्सरसाठी भर. धारदार वस्तू, परफ्यूम, मोबाइल हँडसेट ठेवू नका. हँडसेट संध्याकाळपर्यंत विकला जातो. आणि कपाट कुणासाठी आहे हे त्या माणसांनाच विचारून भरा. नको असलेल्या वस्तूसाठी कुणी दारू सोडत नाही.

सह्यवारा

भेट कशी असावी ते जवळून दाखवतो, दहा मिनिटांत बसते. कप द्यायचा, तापमान बघायचं, कार्ड बुडवायचं, घड्याळ लावायचं. ती पाच मिनिटं गप्पांची: झोप, काम, आठवडा. मग पट्टी रुग्णासमोर, त्याच्या नजरेसमोर वाचायची. क्लीन असेल तर: "क्लीन आहे. हा सलग चौथा, म्हणजे आज चार चिठ्ठ्या. गुरुवारी क्लीन असाल तर पाच." ओढायचं, वस्तू निवडायची, रजिस्टरमध्ये तारीख, चिठ्ठ्या, वस्तू, दोघांच्या सह्या. पॉझिटिव्ह असेल तर: "आज पट्टीत गर्द दिसतंय, त्यामुळे आज चिठ्ठी नाही. तुम्ही आलात हे चांगलं केलंत. गुरुवारी क्लीन असाल तर एकपासून परत सुरू." बस्स. आवाजात नाराजी नको. समुपदेशन करायचंच, पण वेगळ्या वेळी. चाचणीच्या टेबलावर उपदेश सुरू झाला की माणूस पॉझिटिव्ह येणार असेल त्या दिवशी टांग मारायला शिकतो.

फसतं ते बहुतेक तीन ठिकाणी. रक्कम इतकी कमी की कुणालाच फरक पडत नाही. अमेरिकेत बरीच वर्षं केंद्रीय अनुदानातून रुग्णामागे वर्षाला ७५ डॉलरची मर्यादा होती, तेवढ्यात वाढत्या पायऱ्या बसतच नाहीत. दुसरं, नमुना प्रयोगशाळेत पाठवून निकाल आणि बक्षीस आठवड्याने. तिसरं, एकदम सगळं मागणं: दारू, गांजा, तंबाखू, सगळं क्लीन तरच चिठ्ठी. मग पहिली चिठ्ठी कधी निघतच नाही आणि भांड्याची चव कळायच्या आत माणूस निघून जातो. एक पदार्थ धरा, जो सगळ्यात जास्त नुकसान करतोय तो.

तळ्याकाठी

गैरहजेरीचा नियम राहिला. न सांगता आला नाही तर पॉझिटिव्हसारखंच, मोजणी एकवर. आधी कळवून, कारण देऊन आला नाही तर मोजणी आहे तिथेच थांबते, वाढही नाही, घटही नाही. पण "कारण" म्हणजे काय याची यादी पहिल्या दिवशीच सही करून घ्या: दवाखाना, कोर्टाची तारीख, घरातला मृत्यू. कामावरची जादा पाळी धरायची की नाही हेही तेव्हाच ठरवा, टेबलावर नाही.

खारूताई

आणि केंद्रालाच सुट्टी असेल तर? गणपतीत, दिवाळीत घसरण जास्त आणि नेमकं तेव्हाच केंद्र बंद.

तळ्याकाठी

सलग चार दिवस बंद ठेवू नका, एवढंच शक्य असेल तर पुरे. एक माणूस, सकाळी दोन तास, नुसत्या चाचण्या आणि चिठ्ठ्या. तेही जमत नसेल तर महिनाभर आधी तारखा सरकवून प्रत्येकाच्या भेटींच्या कार्डावर लिहून द्या: सोमवारचं मंगळवारी, गुरुवारचं शुक्रवारी, मध्ये ७२ तास राहतील असं. आणि दिवाळीच्या त्या कार्डावर एक ओळ जास्तीची, काजवा यांनी वर सांगितलेली: खसखशीचे अनारसे नकोत.